बर्फाच्या गोधडीखालचं रान

दावोस हे नाव तुम्ही दर जानेवारीत वाचता. महाराष्ट्राचं शिष्टमंडळ, गुंतवणुकीच्या करारांचे आकडे, लोकरी कोट घातलेली माणसं आणि त्यांच्या मागे पांढरे डोंगर. आज त्या मागच्या डोंगरावर चला. जानेवारीत मात्र नको. जुलैचा तिसरा आठवडा धरू.

गावातून रोपवेनं याकोब्सहॉर्नच्या माथ्यावर यायचं. उंची २,५९० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा साडेनऊशे मीटर जास्त. वारा कानात घुसतो. सगळे प्रवासी समोरच्या शिखरांचे फोटो काढतात. तुम्ही मात्र त्यांच्याकडे पाठ करा आणि उत्तरेच्या उतारावरून थोडं खाली या. तिथे एक उथळ खळगी आहे. तिच्या तळाशी अजून बर्फाचा मळकट तुकडा उरलेला आहे आणि त्याच्या कडेनं पाणी ठिबकतंय. जिथून बर्फ कालपरवाच हटलं, तिथली माती काळी, चिकट, उघडी आहे. तिच्यापलीकडे हिरवा गालिचा सुरू होतो.

पहिल्या नजरेला ते शेवाळ वाटतं. गुडघे टेकून वाका. पानं गोल आहेत, करंगळीच्या नखाएवढी, चकचकीत, कडेला बारीक दाते असलेली. जोडीजोडीनं वर आलेल्या या पानांच्या मधोमध लालसर फुगीर फळांचा इवलासा तुरा आहे. पूर्ण उंची दोन बोटं.

हे झाड आहे. नाव सॅलिक्स हर्बेशिया, कूळ वाळुंजाचं. आपल्याकडे सह्याद्रीतल्या नद्यांच्या काठी पाण्यात पाय सोडून उभं असतं ते वाळुंज याचं सख्खं भावंड. वाळुंज नावाची गावंही आपल्याकडे आहेत. क्रिकेटच्या बॅटचं लाकूड याच कुळातल्या उंच झाडांचं. आणि हे त्यांतलं सगळ्यांत ठेंगणं.

आता मातीत बोट घाला. हलक्या हातानं, काही तोडू नका. बोटाला दोरीसारखं काही लागतं. तपकिरी, कडक, काडीपेटीतल्या काडीइतकं जाड. ती फांदी आहे. तिच्या पुढे आणखी एक, तिला फुटलेली तिसरी. खोड, फांद्या, उपफांद्या, सगळं मातीत आडवं पसरलेलं, आणि वर दिसतात ती फक्त डहाळ्यांची टोकं. झाडाच्या शेंड्यावर गुडघे टेकून तुम्ही बसला आहात. रान तुमच्या खाली आहे.

गुडघे उचला आणि पहिली उडी घ्या. छोटीच, सहा महिने मागे.

जानेवारीची रात्र. याच खळगीत आता तुमच्या डोक्यावर दोन मीटर बर्फ आहे. वर हवा उणे वीस अंश, वारा असा की उघडी त्वचा काही मिनिटांत बधिर व्हावी. खाली झाडाजवळ मात्र वारा नाही. आवाजही नाही. तापमापक जमिनीशी धरला तर पारा शून्याच्या आसपास. वीस अंशांची थंडी कुठे गेली? जुन्या लुगड्यांची गोधडी आठवा. तिची ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. बर्फाचंही तसंच आहे. ताज्या भुसभुशीत बर्फात बहुतांश हवाच असते. जमिनीची उन्हाळ्यात साठलेली थोडीशी ऊब ही हवा वर जाऊ देत नाही आणि वरची थंडी खाली येऊ देत नाही. आपण बर्फ म्हणजे थंडी असं समीकरण मांडतो. या झाडासाठी बर्फ म्हणजे पांघरूण.

पांघरुणाखाली ते नुसतं पडून नाही. पुढच्या उन्हाळ्याची तयारी त्यानं मागच्याच उन्हाळ्यात केलीय. मातीच्या पातळीला ज्या कळ्या आहेत, त्यांच्यात घडी घातलेली पानं आणि फुलोरा तयार आहे. वर्षातले आठ-नऊ महिने असे बर्फाखाली जायचे असतील, तर उघडीपीच्या दोन-तीन महिन्यांत पहिल्यापासून सुरुवात करणं परवडत नाही. बर्फ हटलं की काही दिवसांत पान उघडायचं, लगोलग फूल, मग फळ, मग पुन्हा पुढच्या वर्षाची कळी. आपल्या कोकणात मृगापूर्वी राब भाजून, बियाणं काढून वाट पाहणारा शेतकरी ओळखीचा आहे. ही तयारी त्याच जातीची.

तुमच्या समोर, दरीपलीकडे वाइसफ्लूयोख आहे. तिथल्या मोकळ्या जागेवर १९३६ पासून बर्फाची जाडी मोजण्याचं काम चालू आहे. डोंगरातल्या बर्फाची इतकी लांब सलग नोंद जगात फार थोड्या ठिकाणी असेल. खाली गावात दिवे लागलेत. करारांवर सह्या होत असतील. कुणालाही दोष देत नाही, पण वर या डोंगरात पांघरुणाखाली काय झोपलंय याचा पत्ता त्या दालनांमध्ये नसतो.

दुसरी उडी लांबची आहे, काळानं आणि अंतरानंही. साल १७३२, जुलै. तुम्ही आता आल्प्समध्ये नाही. दोन हजार किलोमीटर उत्तरेला, लॅपलँडच्या डोंगरात, ध्रुववृत्ताच्याही वर आहात. सूर्य मावळतच नाही. पुढे सामी जमातीचा एक वाटाड्या झपझप चालतोय आणि त्याच्या मागे धापा टाकणारा पंचविशीचा तरुण आहे. तो मे महिन्यात उप्सालाहून निघालाय. जंगल संपून उघडा डोंगर लागल्यापासून त्याला दर दहा पावलांवर थांबावंसं वाटतंय, कारण पायाखालची एकही वनस्पती त्याच्या ओळखीची नाही. हा कार्ल लिनियस. सजीवांना दोन शब्दांची नावं देण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती रूढ करणारा.

तो वाकतो, तसे तुम्हीही वाका. तीच नखाएवढी गोल पानं, तेच लालसर तुरे, तोच वितळत्या बर्फाचा काठ. पुढे १७३७ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या ‘फ्लोरा लॅपोनिका’ या ग्रंथात तो या वाळुंजाला सगळ्या झाडांमधलं सर्वांत लहान झाड म्हणणार आहे. आज त्या मानासाठी आणखी एक-दोन दावेदार आहेत, तीही उत्तरेकडची वाळुंजंच. मला वाटतं, लिनियसनं मापाची पट्टी उभी धरली. ती मातीत आडवी धरली असती, तर त्याला काही वेगळं लिहावं लागलं असतं.

इथे मनात एक प्रश्न येतो, तो सोडू नका. याकोब्सहॉर्नवरचं झाड आणि हे झाड एकच. स्कॉटलंडच्या माथ्यांवर तेच आहे. आइसलँड, ग्रीनलंड आणि कॅनडाच्या ईशान्येलाही तेच. मधल्या सपाट मुलखात, जिथे गहू पिकतो, शहरं आहेत, तिथे त्याचा मागमूस नाही. याचं बी कापसासारख्या तंतूंवर उडतं खरं, पण ते थोडेच दिवस जिवंत राहतं. मग दोन हजार किलोमीटरची ही दरी त्यानं ओलांडली कशी? उत्तर आणखी मागे आहे. त्याआधी एक थांबा घेऊ.

साल १५७३. पुन्हा दावोसचा डोंगर, ऑगस्ट संपत आलाय. खाली दरीत वाल्सर लोकांची घरं आहेत. तीनशे वर्षांपूर्वी हे पशुपालक पश्चिमेकडून येऊन इथे स्थिरावले. गायी अजून वरच्या कुरणात आहेत, घंटांचा आवाज वाऱ्याबरोबर येतो आणि जातो. या वर्षाच्या सुरुवातीला कॉन्स्टन्सचं अफाट सरोवर गोठलं होतं आणि संत योहानाचा लाकडी अर्धपुतळा लोकांनी बर्फावरून मिरवत पलीकडच्या काठाला नेला. युरोपातले उन्हाळे थंड व्हायला लागलेत, हिमनद्या पुढे सरकू लागल्यात. याच वर्षी, शके १४९५ मध्ये, तिकडे वाराणसीत एकनाथांनी भागवतावरची आपली टीका पूर्ण केली. काळाची खूण म्हणून हे ध्यानात ठेवा.

तुमच्या पायाशी एका मादी झाडाचा तुरा फुटतो. या वाळुंजात नर झाड वेगळं, मादी वेगळं. फळ उकलतं, पांढरे तंतू बाहेर येतात आणि वाऱ्याची झुळूक त्यातला एक पुंजका उचलून आठ पावलांवर उघड्या चिखलात टाकते. बी वाळूच्या कणाहून मोठं नाही. सोबत शिदोरी जवळजवळ नाहीच. दोन-तीन दिवसांत ओल मिळाली तर ठीक, नाहीतर संपलं. हजारो बिया अशाच संपतात. आज मात्र रात्री पाऊस पडतो, आणि आठवड्याभरानं चिखलावर दोन हिरवे ठिपके दिसतात, टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान. महिन्याभरात बर्फ येऊन त्यांना झाकून टाकतं.

बर्फानं झाकलं म्हणूनच ते रोप वाचलं.

पुढची काही वर्षं इथेच उभे राहा. दिवस भराभर जाऊ द्या. रोप उंच होत नाही. वरून वितळणारं पाणी गाळ आणतं, गाळात फांदी गाडली जाते, गाडलेल्या फांदीला मुळं फुटतात आणि तिचं टोक थोडं पुढे जाऊन पुन्हा वर येतं. वडाची पारंबी वरून खाली येऊन जमीन धरते. इथे फांदी जमिनीच्या पोटातच पारंबीचं काम करते. मूळचा भाग जुना होऊन कुजतो आणि झाड पुढे सरकलेलं असतं. वडाला जसं मधलं खोड गेलं तरी मरण येत नाही, तसंच हे.

आता मोठी उडी. पंधरा हजार वर्षं मागे.

डोंगर सोडून खाली सपाटीवर या, आजच्या स्वित्झर्लंडच्या उत्तर टोकाला, शाफहाउझेनजवळ. आज इथे शेतं आहेत, रेल्वे आहे. तुम्हाला मात्र क्षितिजापर्यंत एकही उभं झाड दिसत नाही. थंड, कोरडा वारा आहे आणि त्यात बारीक धूळ आहे. आणखी आठ-नऊ हजार वर्षं मागे गेलात, तर आल्प्सच्या दऱ्या शिगोशीग बर्फानं भरलेल्या दिसतील. हिमनद्यांच्या जिभा या सपाटीपर्यंत उतरलेल्या असतील आणि झुरिक जिथे उभं राहणार ती जागा बर्फाखाली असेल. आत्ता ते बर्फ मागे हटलंय. मागे सोडलेत दगडगोटे, गाळ आणि थंड पाण्याची डबकी.

आणि पायाखाली पाहा. हिरवा गालिचा, पण खळगीपुरता नाही, मैलोन् मैल. ठेंगणी वाळुंजं, त्यांच्यात ड्रायस या वनस्पतीची पांढरी फुलं, ठेंगणा भूर्ज. आल्प्स आणि उत्तरेचं महाहिम यांच्या मधला बिनझाडांचा सगळा पट्टा याच वनस्पतींचा मुलूख आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. या झाडाला दोन हजार किलोमीटर ओलांडावे लागलेच नाहीत. ते त्या मधल्या भूमीवरच राहत होतं.

समोर चुनखडीच्या टेकाडात एक बुटकी गुहा आहे, केसलरलोख. आतून धूर येतोय. बाहेर रेनडिअरचा कळप खाली मान घालून चरतोय. रेनडिअरला वाळुंजाचा पाला आवडतो. गुहेच्या तोंडाशी एक माणूस रेनडिअरच्याच शिंगाच्या तुकड्यावर गारगोटीच्या अणकुचीदार पातीनं रेघा ओढतोय. वाकलेली मान, पुढे टाकलेला पाय, पोटाखालचे केस. तुम्ही त्याच्या खांद्यावरून पाहत उभे आहात. हे चित्र १८७० च्या दशकात या गुहेच्या मातीतून बाहेर येणार आहे आणि हिमयुगीन कलेच्या उत्तम नमुन्यांत गणलं जाणार आहे. चित्रातला तो चरणारा प्राणी कशावर चरतोय हे माणसानं कोरलेलं नाही. तुम्हाला ते दिसतंय.

मग हवा बदलते. उन्हाळे लांबतात. दक्षिणेकडून भूर्ज येतो, त्याच्यामागे पाइन, आणि उंच झाडांची सावली पडू लागते. सावली हे ठेंगण्या वाळुंजाचं खरं मरण. थंडी ते सोसतं, वारा सोसतं, नऊ महिन्यांचा अंधारही सोसतं, कारण त्या अंधारात वाढायचं नसतं. वाढीच्या दिवसांत मात्र त्याला लखलखीत ऊन लागतं आणि डोक्यावर कुणी नको असतं. बर्फाच्या मागोमाग ते दोन दिशांना निघून जातं. काही उत्तरेला, काही डोंगर चढून वर. मधलं सगळं कुळ पाइनच्या आणि पुढे बीच-ओकच्या सावलीत संपतं. तुम्ही लॅपलँडला जे पाहिलंत आणि दावोसवर जे पाहिलंत, ती एकाच घराची दोन टोकांना गेलेली माणसं.

या गोष्टीला पुरावा आहे. परतीच्या वाटेवर १८७२ मध्ये क्षणभर थांबा. झुरिकजवळ श्वेर्त्सेनबाखला आल्फ्रेड नाटहोर्स्ट हा तरुण स्वीडिश संशोधक दलदलीच्या खालच्या निळसर चिकणमातीत खणतोय. तो हातातलं ढेकूळ हळूच उकलतो. आत ठेंगण्या वाळुंजांची आणि ड्रायसची पानं, शिरांच्या जाळीसकट, पुस्तकात दाबून ठेवावीत तशी. याच्याआधी दक्षिण स्वीडनमध्ये अशीच पानं त्याला मिळाली होती. हिमयुगानंतरची युरोपची जमीन कशी दिसत होती हे जगाला प्रथम कळलं, ते फार मोठ्या अंशी अशा नखाएवढ्या पानांमुळे.

तिथून १५७३ च्या त्या चिखलावर परत या आणि आता न थांबता पुढे चला. खळगीत तेच रोप आहे. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म होतो तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेलेलं असतं आणि तुमच्या तळहाताखाली झाकलं जाईल एवढंच दिसतं. पानिपत होतं. १८५० च्या सुमारास आल्प्समधल्या हिमनद्या गेल्या काही शतकांतल्या सर्वाधिक लांबीला पोचतात आणि मग आक्रसायला लागतात. १८५३ मध्ये अलेक्झांडर श्पेंगलर नावाचा डॉक्टर दावोसला येतो, क्षयाच्या रुग्णांना इथली हवा मानवते म्हणू लागतो आणि गावात आरोग्यधामं उभी राहतात. १९३४ मध्ये याकोब्सहॉर्नच्या पायथ्याशी, बोल्गेनच्या उतारावर, स्कीवाल्यांना वर ओढून नेणारी यांत्रिक लिफ्ट सुरू होते. १९७१ मध्ये, आज शिष्टमंडळं जिथे येतात, ती परिषद भरायला लागते. झाड दर उन्हाळ्यात डहाळीची काही टोकं वर काढतं आणि दर शरदात पिवळं होऊन झोपतं.

ही साडेचारशे वर्षं मी हवेतून आणलेली नाहीत. युरोपातल्या डोंगरांत आणि उत्तरेच्या थंड प्रदेशात वाढणाऱ्या चार जातींच्या वनस्पतींवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. डीएनएवरून एकेक झाड कुठवर पसरलंय ते ठरवलं, वर्षाला ते किती सरकतं ते मोजलं आणि त्यावरून वय काढलं. ठेंगण्या वाळुंजाची सर्वांत जुनी झाडं किमान ४५० वर्षांची निघाली. शेजारी वाढणाऱ्या एका साध्या लव्हाळ्याची तर चार हजार वर्षांहून जास्त. याकोब्सहॉर्नच्या या एका झाडाचं वय कुणी मोजलेलं नाही, त्याचा जन्म मी कल्पनेनं मांडला. पण अशी झाडं आहेत, आणि त्यांच्यावरून माणसं बूट घालून चालत जातात.

आता तुम्ही परत जुलैत आहात. खळगीत. बर्फाच्या तुकड्याकडे पुन्हा पाहा.

तो पूर्वीपेक्षा लवकर वितळतो. स्वित्झर्लंड औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत दोन अंशांहून जास्त तापलंय. थंडी कमी झाली तर थंडीतल्या झाडाचा फायदाच होईल असं वाटणं स्वाभाविक आहे. दावोसच्या याच डोंगरांवर या वाळुंजाच्या शेकडो ठिगळांवर काही वर्षं नजर ठेवणाऱ्या संशोधकांना मात्र उलटं दिसलं. बर्फ जिथे लवकर हटलं, तिथे झाडाची स्थिती खालावली. कारण बर्फ मे महिन्यात हटलं तरी मे महिन्यातल्या गोठवणाऱ्या रात्री हटलेल्या नसतात. जागं झालेलं कोवळं पान त्या रात्रीत सापडतं. पान कुरतडणाऱ्या किड्यांनाही जास्त दिवस मिळतात. ऊब वाढली म्हणून झाड गारठलं, हे ऐकायला विचित्र आहे, पण पांघरूण कुणी ओढलं ते पाहिलं की कळतं.

दुसरं संकट पायथ्याकडून येतं. २०१८ मध्ये युरोपातल्या ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या. शिखरांवर खालून चढून येणाऱ्या वनस्पतींची संख्या वाढतेय आणि वाढीचा वेगही वाढतोय. उंच गवतं, झुडपं. म्हणजे सावली. पंधरा हजार वर्षांपूर्वी सपाटीवर घडलं तेच, फक्त या वेळी डोंगर चढून.

तरी सगळं संपलं असं मी लिहिणार नाही. डोंगराच्या अंगावर दोन पावलांवर हवामान बदलतं. खडकाची दक्षिण बाजू तापलेली, उत्तर बाजू गार. उंचवटा कोरडा, खळगी ओली. साडेचारशे वर्षं काही हातांच्या जागेत सरकत राहणाऱ्या झाडाला हा फरक उपयोगी पडू शकतो. त्याला शिखर नको असतं, बर्फ उशिरापर्यंत धरून ठेवणारी खळगी हवी असते. अशा खळग्या जपणं, त्यांच्यावरून रस्ते आणि स्कीच्या सपाट वाटा न काढणं, माणसाच्या हातातलं आहे.

दावोसला तुम्ही कदाचित कधी जाणार नाही. पण हिमालयात जाल. दर वर्षी मे-जूनमध्ये मराठी ट्रेकर्सनी तिथल्या वाटा भरलेल्या असतात. जंगलाच्या रेषेच्या वर, तीन-चार हजार मीटरवर, ओल्या खडकांना आणि वितळत्या बर्फाच्या कडांना चिकटून तिथेही ठेंगणी वाळुंजं वाढतात. सॅलिक्स लिंडलेयाना त्यांपैकी एक, पानं अशीच चकचकीत, फांद्या अशाच जमिनीत मुळं धरणाऱ्या. बर्फाच्या शेजारची मऊ हिरवी सपाट जागा दिसली की तंबू लावायला तीच बरी वाटते. तिथे आधी वाका. पानांच्या मधोमध लालसर तुरा दिसतोय का पाहा, आणि दिसला तर तंबू पलीकडच्या कोरड्या खडीवर लावा.